चेंडू ग्लोव्हात येईपर्यंत

"आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं.

"मग बरोबर. कोट्यातली. इथंपण घुसलात?"

तो पुण्याचा. बेंगळुरात इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत मोठा साहेब, टीमचा कॅप्टन. अख्खी टीम फिदीफिदी हसली. आणि मी काय म्हटलं? "सॉरी सर." आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

चूक माझी होतीच. रविवारी कंपन्यांच्या बेसबॉल लीगमध्ये मी अंपायर. कॅचरच्या मागं उभं राहून न टोलवलेला चेंडू छाती-गुडघ्यांमधल्या पट्ट्यातून आला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल, ते सांगायचं. त्या दिवशी चेंडू हवेतच होता आणि मी "स्ट्राइक!" ओरडून मोकळी. शेवटी तो गुडघ्याखाली पडला. सरळ सरळ बॉल. निर्णय बदलावा लागला. पण चुकलेल्या चेंडूचा माझ्या जातीशी काय संबंध? हे विचारायला तोंड उघडलं नाही माझं.

ही घाई कुठली, मला ठाऊक आहे. निपाणीला तंबाखूच्या वखारीत आई मुकादमाचं वाक्य पुरं व्हायच्या आत "व्हय मालक" म्हणायची. उशीर झाला की शिवी. मीही तेच शिकले. साहेबलोक बघत असले की उत्तर आधीच तोंडातून बाहेर.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी एका कारखान्यात मापं तपासते. गेजचा काटा थांबल्याशिवाय आकडा सांगत नाही, सुपरवायझर कितीही बोंबलू दे. मग मैदानावरच कसली लाचारी? वर्षभर टीमांच्या सरावाला जाऊन जाळीमागं उभी राहिले. चेंडू ग्लोव्हात शिरेपर्यंत डोळ्यांनी धरायचा. बघितलेलं मनात एकदा परत बघायचं. मग बोलायचं.

यंदा फायनलला पुन्हा तोच समोर. दोन स्ट्राइक झालेले, तिसरा पडला की बाद. चेंडू आला, पट्ट्याच्या कोपऱ्यावरून ग्लोव्हात बसला. मी गप्प.

"बोल ना लवकर! झोपलीस काय?"

मी बघितलेलं परत बघितलं. "स्ट्राइक थ्री."

त्यानं बॅट आपटली. "कोट्यातली कुठली! ही माणसं सुधारायची नाहीत."

या वेळी मी तोंड उघडलं. "जातीवर गेलात. मॅचमधून बाहेर. निघा."

लीग चालवणारे अण्णा धावत आले. बेंगळुरातलं जुनं मराठी घर त्यांचं. "अक्का, स्वल्प सांभाळून घे. स्पॉन्सर त्यांचीच कंपनी आहे. सॉरी म्हण, नाहीतर तुला परत बोलावता येणार नाही."

"नका बोलावू. पण तो बाहेर गेल्याशिवाय पुढचा चेंडू टाकू देणार नाही."

तो गेला. मला नंतर बोलावणं आलं नाही. मैदान सुटलं याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? दुसरीकडं उभी राहीन. निर्णय चुकला तर चारचौघांत माफी मागेन. जन्माला आल्याची माफी मागणार नाही. कुणाचीच नाही.