सतरा नंबरची नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे तीनदाताई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण बसलं होतं चपखल. रक्ताची नळी हातात आली की ताई तिचा नंबर नळीवर लिही, बुचावर लिही आणि वहीत लिही, आणि तिन्ही वेळा मोठ्याने म्हणे. नवीन आलेले लोक पहिल्या आठवड्यात हसत, दुसऱ्या आठवड्यात वैतागत आणि महिन्याभरात स्वतःच नंबर पुटपुटायला लागत. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. याचा तिला चांगलाच तोरा होता, आणि तो लपवायची तसदी ती घेत नसे.

निवृत्तीला चार महिने उरले होते. ती ज्यांच्या हाताखाली काम करी त्या संशोधक मॅडम तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. आपल्या रक्तातल्या लढाऊ पेशी आपल्याच अंगावर का धावून जात नाहीत, हा मॅडमचा विषय. त्यांना आवरणाऱ्या राखणदार पेशी असतात, आणि वय वाढतं तसं त्यांचं काय होतं हे पाहायचं म्हणून चाळीस धडधाकट माणसांचं रक्त अकरा वर्षं, दरवर्षी घेतलं जात होतं. कोणता नंबर कोणाचा हे मॅडमना कळू द्यायचं नाही असा नियम होता. नावांची वही ताईच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली ताईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. पहिल्याच वर्षी एक बाई ऐनवेळी आली नाही, तेव्हा ताईने स्वतःचा हात पुढे केला होता. ती सतरा नंबर. हे ती आणि रक्त काढणारी सिस्टर, दोघींनाच ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. तिथेच ताईच्या मनात पाल चुकचुकली. एकेक पेशी सुटी करून वाचणारं नवं यंत्र आलं होतं. त्यात सतरा नंबरच्या, म्हणजे एका बाईच्या रक्तात, दोन लाखांमागे चार पेशी पुरुषाच्या निघाल्या होत्या.

मॅडम अगदी सांभाळून बोलत होत्या. मुलगा पोटात वाढला असेल तर त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात मागे राहतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी आधी सतरा नंबरचा, नाव नसलेला फॉर्मच काढून पाहिला. फॉर्मवर लिहिलं होतं, अपत्ये: एक, मुलगी. मग उरलं काय? शेजारच्या नळीतला थेंब उडाला असेल, किंवा रक्त ओढायच्या पिपेटचं टोक बदलायचं राहिलं असेल. आणि असं एकदा झालं असेल तर आधी किती वेळा झालं कोण जाणे. शुक्रवारी संशोधन समितीची बैठक होती. तिथे मॅडमना लिहून द्यावं लागणार होतं की ताईच्या हाताखालून गेलेल्या अकरा वर्षांच्या नळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टोक बदलायचं राहिलं म्हणे! सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं ते हे ऐकायला? तिने तोंड उघडलंसुद्धा. पण बाहेर पडला तो भलताच प्रश्न.

"त्या पेशी किती दिवस राहतात, मॅडम?"

"तीस-तीस वर्षांनीही सापडल्या आहेत."

"आणि मूल जगलं नसेल तर?"

"तरी राहतात. काही महिने पोटात असलं तरी पुरे."

ताईने टेबलाची कड घट्ट धरली.

मुलीच्या आधी दोन वर्षं तिला एकदा दिवस गेले होते. सहावा महिना चालू होता. ताप चढला, इस्पितळात नेलं, आणि तीन दिवस तिला शुद्ध नव्हती. जाग आली तेव्हा पोट सपाट. सासूबाईंनी सांगितलं की नुसता गोळा होता, आकारच आला नव्हता. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, सोड तो विषय. तिने सोडला. पुढे फॉर्मवर 'अपत्ये किती?' असं विचारलं तेव्हा तिने एक लिहिलं, आणि लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. नसलेल्या आकाराला अपत्य कोण म्हणतं?

तिने मॅडमकडे तासाभराची सुट्टी मागितली आणि तडक निघाली.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. तो एका फ्रेममध्ये काच बसवत होता. हिला कामाच्या वेळी दारात पाहून त्याला वाटलं, डबा विसरली.

"अहो, आपलं पहिलं मूल," ती म्हणाली, "मुलगा होता का?"

त्याने हातातली फ्रेम खाली ठेवली. मग स्वतःचा चष्मा काढला, म्हणजे तिचा चेहरा नीट दिसायला नको. तेवढ्यात एक गिऱ्हाईक स्क्रू मागायला आलं, त्याला त्याने हातानेच परत पाठवलं.

"मुलगा होता," तो म्हणाला. "मी पाहिला त्याला. नखंसुद्धा आली होती."

काही नव्हतं असंच सांगायचं, हे त्याच्या आईने ठरवलं होतं. तापात हिला सोसणार नाही म्हणून. मग ताप उतरला, मुलगी झाली, आणि खरं सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच. तेहतीस वर्षं! परक्या माणसाच्या चष्म्याचा नंबर पावभर चुकला तर घरी जाऊन काच बदलून देणारा हा माणूस. ताईला त्याला हलवून विचारावंसं वाटलं, मग त्या नखांचं ओझं एकट्याने वाहवलं कसं?

"तुला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"माझ्या रक्तानं. अजून आहे तो आत."



ताई परत आली, कपाट उघडलं आणि अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. नावांची वही मॅडमच्या पुढ्यात उघडी ठेवली आणि सतराव्या ओळीवर बोट टेकवलं. मॅडम कधी वहीकडे बघत, कधी तिच्याकडे. ताईने सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. मग म्हणाली, माझ्या जुन्या नळ्या गोठवून ठेवल्या आहेत, त्या काढा. थेंब उडाला असेल तर तो एका नळीत सापडेल. दरवर्षीच्या नळीत सापडला तर तो माझा.

गुरुवारी संध्याकाळी उत्तर आलं. अकराही नळ्यांत तो होता. त्याच्या जनुकांची निम्मी ओळख हुबेहूब ताईची होती.

मॅडमनी माफी मागितली. मग त्या शास्त्र सांगायला लागल्या, कारण त्यांना दुसरं काही सुचेना. शरीराला परकं काही दिसलं की लढाऊ पेशी ते ठेवत नाहीत. याला मात्र तुमच्या राखणदार पेशींनी सांभाळलेलं दिसतं, त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. ताई ऐकत होती. आपण ज्याला विसरलो होतो त्याच्यासाठी आपल्याच अंगात कुणीतरी इतकी वर्षं पहारा देत होतं, या विचाराने तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि मग ती रडली, सोमवारपासून पहिल्यांदा.

डोळे पुसल्यावर तिच्यातली तीनदाताई जागी झाली. तुमचा प्रश्नच चुकलाय, तिने मॅडमना ठणकावलं. चाळीसातल्या अठरा बायकांना मी हेच विचारलं, अपत्ये किती. कितीजणींनी गिळून टाकलं असेल? दिवस किती वेळा गेले, असं विचारा.

मॅडमनी तिथल्या तिथे नवा फॉर्म छापला. दिवस किती वेळा गेले, असा एक रकाना. खाली जुना होताच, फक्त त्यात एक शब्द वाढवला: हयात अपत्ये किती. सतरा नंबरचा फॉर्म ताई भरायला बसली. पहिल्या रकान्यात दोन लिहिलं. दुसऱ्यातही दोन लिहिलं.

"ताई," मॅडम हळूच म्हणाल्या, "तिथे फक्त हयात असलेली लिहायची."

"चार पेशी जिवंत आहेत म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?" ताई म्हणाली. "मग मी त्याला वगळू कसा?"

मॅडमनी फॉर्म परत मागितला नाही. ताईने पेनला टोपण लावलं, आणि सवयीप्रमाणे आकडा मोठ्याने म्हटला. दोन. दोन. दोन.