मेणाने बुजवलेले भोक

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत प्रौढांसाठी साक्षरता वर्ग भरतो. त्या वर्गात, माझ्या वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, माझी ख्यू आथो यांच्याशी ओळख झाली. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे असून माझ्या शेजारच्या बाकावर बसत. त्यांचा व्यवसाय अस्थी वेचण्याचा होता. पुरलेल्या माणसाला सहा-सात वर्षांनी वर काढायचे, हाडे स्वच्छ करायची आणि पायांपासून डोक्यापर्यंत क्रमाने रांजणात बसवायची, हे काम त्यांनी चाळीस वर्षे केले.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारले, "या वयात कशाला आलात? प्रेमपत्र लिहायचंय का कुणाला?"

"जबानी लिहायचीय, ताई. आधीची दुसऱ्यानं लिहिली. मी नुसता अंगठा दिला."

ती जबानी वैद्य वेई पिंगह्वांग यांच्याबद्दल होती. लष्करी कायद्याच्या काळात ते सत्ताधारी पक्षाविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले आणि मतदानाच्या चार दिवस आधी पुलाखालच्या कोरड्या पात्रात मृत सापडले. ते दारू पिऊन पडले व कपाळ दगडावर आपटले, असे पोलिसांनी लिहिले. शवपेटी खिळे ठोकूनच घरी आली.

सात वर्षांनी अस्थी वर काढण्यासाठी आथो यांना बोलावले गेले. हाडांवर ऊन पडू नये म्हणून वेईंच्या पत्नी युएश्या काळी छत्री धरून उभ्या होत्या. आथो यांनी कवटी हातात घेतली. कपाळ अखंड होते. मागच्या बाजूला मात्र करंगळीचे टोक जाईल एवढे गोल भोक होते.

पूर्वज अपुरा राहिला तर घराला सुख लागत नाही, अशी आमची समजूत आहे. म्हणून पडलेल्या दाताच्या किंवा तुटलेल्या हाडाच्या जागी मेण भरून वर शेंदूर लावतात. आथो यांनी ते भोकही तसेच बुजवले. युएश्यांनी विचारले, "सगळं नीट आहे ना?" अशा वेळी शुभच बोलायचे असते. ते म्हणाले, "सगळं नीट आहे, वहिनी. हाडं सोन्यासारखी पिवळी आहेत."

त्यांना भीतीही वाटली होती. पण ते कारण त्यांनी कधी पुढे केले नाही.

पुढे रस्त्यासाठी दफनभूमी हलवली गेली आणि जागा कमी म्हणून सर्वांची हाडे जाळून राख लहान भांड्यांत भरण्यात आली. त्यानंतर राजवट बदलली, वेईंच्या मृत्यूवर पुस्तके निघाली, विद्वान भांडू लागले आणि चौकशी समिती नेमली गेली. आथो स्वतःहून तिथे गेले आणि त्यांनी भोकाबद्दल सांगितले. लिहून घेणाऱ्याने लिहिले, 'कवटीस इजा होती.' एवढेच. अपघात म्हणणाऱ्यांनी तेच वाक्य उचलले, कारण पडल्यानेही इजा होते.

दोन वर्षे शिकून आथो यांनी स्वतःच्या हाताने अकरा ओळी लिहिल्या. समितीसमोर मी त्यांच्याबरोबर गेले.

अध्यक्ष म्हणाले, "काका, मागच्या जबानीत भोकाचं नावही नाही. अंगठा तुमचाच ना?"

"अंगठा माझा. शब्द त्याचे."

"मग आत्ताच कसं आठवलं?"

"आत्ता नाही आठवलं, साहेब. रोज आठवतं."

अहवालात त्यांना एक ओळ मिळाली : वस्तू उपलब्ध नाही, एकमेव साक्षीदार अशिक्षित, निष्कर्ष काढता येत नाही.

त्यानंतर ते युएश्यांच्या घरी गेले. मी दारात उभी होते. आथो यांनी सर्व सांगितले.

"लोक त्यांना दारुडा म्हणायचे. माझी मुलं शाळेतून रडत यायची," ऐंशी वर्षांच्या त्या बाई म्हणाल्या. "आणि तुझ्या हातात होतं ते, आथो. मी छत्री धरून शेजारी उभी होते. नुसतं माझ्याकडे वळवून दाखवायचं होतंस."

"वहिनी, मला वाटलं, त्यांना पुरं करून द्यावं."

"पुरं केलंस खरं. मारणाऱ्यांचं काम पुरं केलंस."

त्या उठल्या आणि आत गेल्या. आथो आणखी तीनदा गेले. दार उघडले नाही. मग ते वर्गालाही येईनासे झाले. दिवसभर घराच्या पायरीवर बसत आणि जेवण तसेच झाकलेले राही. मागच्या हिवाळ्यात ते वारले. वाद अद्याप मिटलेला नाही. या वर्षीही एक नवे पुस्तक आले असून त्यात पुन्हा अपघातच म्हटले आहे.

शेवटच्या भेटीत मी त्यांना म्हटले की मला आता लांब मजकूर लिहिता येतो. ते म्हणाले, "मग लिहा, ताई. मी भोक बुजवलं, तेही लिहा. पण ते मागच्या बाजूला होतं, एवढं नक्की लिहा."