बिनतारी

'हे जमणार नाही' असं कुणी म्हटलं की ते जमवून दाखवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आई याला माजोरीपणा म्हणायची. पुढे नोकरी देणाऱ्यांनी त्यालाच चिकाटी म्हटलं, आणि मीही खुशीने तो शब्द उचलला. इस्राएलमधल्या त्या हिवाळ्यापर्यंत मला तो आपला गुणच वाटत होता.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट आहे. पुण्याच्या कंपनीने मला दोन वर्षांसाठी तिथल्या पेताह तिक्वा शहरातल्या ऑफिसात पाठवलं होतं. ऑफिसजवळच्या फ्लॅटमध्ये एकटीने राहून मी महिनाभरातच कंटाळले. मग कुणीतरी जवळच्या रामला गावातल्या एका बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, आजींचा पत्ता दिला. त्यांच्याकडे एक खोली रिकामी होती. आजी साठच्या दशकात नवऱ्याबरोबर मुंबईहून आल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा देशाच्या पार दक्षिण टोकाला, एलातमध्ये, हॉटेलात कामाला होता आणि दोन-तीन महिन्यांनी पाच-सहा तासांचा बसप्रवास करून यायचा. तो आईचं मराठी समजायचा, उत्तर मात्र हिब्रूत द्यायचा. त्यामुळे मराठीत उलट उत्तर देणारं घरात कुणी आलं याचाच आजींना आनंद झाला. आजींचं मराठी कोकणातलं, त्यात मुंबईच्या इंग्रजीची फोडणी. मी पुण्याची. "तू शालेच्या बुकासारखी बोलतेस गो," असं त्या मला चिडवायच्या.

ऑक्टोबरात आजी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आल्या तेव्हा सहा आठवडे खाटेवरून पाय खाली टाकायची बंदी होती. सकाळी कुपात खोलीमची, म्हणजे तिथल्या आरोग्य योजनेची, नर्स यायची. बाकीचं मी बघायचे. त्या दिवसांत ठाण्याहून फोन आला. आजींची थोरली बहीण तिथे आपल्या मुलीजवळ राहायची. फोन त्या मुलीचाच, म्हणजे आजींच्या भाचीचा होता. थोरलीची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती, हॉस्पिटलात जायला ती तयार नव्हती आणि डॉक्टर आता आठवड्यांची भाषा करत होते.

दोघी बहिणींची भेट होऊन चौदा वर्षं झाली होती. आजींना विमानात बसणं शक्य नव्हतं. फोनचा उपयोग नव्हता, कारण दोन वर्षांपासून थोरलीला अजिबात ऐकू येत नव्हतं. घरात तिच्याशी बोलायचं तर भाची पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायची. राहता राहिलं एकमेकींचं तोंड बघणं. भाचीने घरच्या कॉम्प्युटरला कॅमेरा बसवून घेतला होता. "मावशी एकदा दिसू दे, एवढंच आई मागतेय," असं ती मला फोनवर म्हणाली.

इंटरनेट माझ्या खोलीत होतं. आजींची खाट घराच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराजवळ. माझ्या लॅपटॉपची केबल जेमतेम दोन हात लांब. उपाय कुणालाही सुचेल असा होता आणि तो मलाही सुचला. मी आजींच्या उशाशी बसून म्हटलं, "आजी, काळजी नका करू. उद्या येताना मी तार घेऊन येते. थेट तुमच्या खाटेपर्यंत येईल."

आजींनी माझा हात घट्ट धरला. "तार नको गो बाय. तार नको आणूस. ह्या घरात नको."

मुलाने आदल्याच वर्षी भिंतींना नवा रंग लावून दिला होता. खिळे ठोकलेले आजींना आवडत नसतील, किंवा पुन्हा चालायला लागल्यावर पायात अडकायची भीती वाटत असेल, असा मी अर्थ लावला. म्हाताऱ्या माणसांच्या एकेक तऱ्हा, म्हणून मी विषय वाढवला नाही. "बरं, मग बिनतारी करू," मी म्हटलं. "म्हणजे तारेशिवाय."

"हां, ते बेस. बिनतारी बरं," आजी म्हणाल्या आणि हात सोडला.

खरं सांगायचं तर मी मनातून खूश झाले. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि त्याचा मला भारी अभिमान होता. वायरलेसच्या नादी मी तोवर लागले नव्हते, कारण लिनक्सवर ती कार्डं चालवणं म्हणजे डोकेदुखी असं सगळेच सांगायचे. आता कारण मिळालं. तेल अवीवला जाऊन मी एक वायरलेस राऊटर आणि लॅपटॉपच्या खाचेत सरकवायचं पत्त्याएवढं कार्ड आणलं. हे कार्ड लिनक्सवर सुरळीत चालतं असं मी इंटरनेटवर वाचून ठेवलं होतं. घरी येऊन सरकवलं, तर त्याचा दिवासुद्धा लागेना.

दोन दिवसांनी कळलं की खोक्यावरचं नाव तेच असलं तरी कंपनीने आतली चिप बदलली होती. जुन्या चिपसाठी ड्रायव्हर होता, नवीसाठी नव्हता. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाष्या. तो नसेल तर दोघंही धडधाकट असून एकमेकांशी बोलू शकत नाहीत. मग विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर लिनक्सला चालवायला लावणारी एक युक्ती सापडली. त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम माझ्याच मशीनवर बांधून घ्यायचा होता, तो माझ्या लिनक्सच्या आवृत्तीशी जुळेना. आवृत्ती बदलली तर आवाज बंद पडला. आवाज दुरुस्त केला तर कार्ड ओळखू येईना. सोबत आणलेला छोटा कॅमेरा मात्र पहिल्या फटक्यात चालला, तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

ऑफिसात शेजारी बसणारा म्हणाला, "माझा विंडोजचा लॅपटॉप घेऊन जा. कार्ड घालशील, सीडी लावशील, पाच मिनिटांत होईल." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आज रात्रीपर्यंत माझाच चालतोय बघ, असं मी त्याला ऐकवलं. तो चांगला माणूस होता, त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं.

रोज संध्याकाळी बसमधून उतरले की चहा करून आजींना द्यायचा आणि त्यांच्या पायथ्याशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचं, असे अकरा दिवस गेले. आजी न कंटाळता बघत राहायच्या. पडद्यावर अक्षरं भराभर सरकायला लागली की त्यांना वाटायचं, झालं काम. "आली काय?" त्या विचारायच्या. "नाही हो आजी, थोडं राहिलंय," मी म्हणायचे. मग त्या बहिणीच्या गोष्टी सांगायच्या. थोरलीने त्यांना पोहायला कसं शिकवलं, आईचा मार चुकवायला दोघी कुठे लपायच्या. त्यातल्या निम्म्या गोष्टी मी ऐकल्याच नाहीत. माझं लक्ष पडद्यावरच्या चुकांच्या संदेशांवर असायचं. झोपण्यापूर्वी भाचीला दोन ओळींची मेल टाकायचे आणि सकाळी ऑफिसला निघण्याआधी आणखी एकदा प्रयत्न करून बघायचे.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, कार्डाचा हिरवा दिवा लागला. सीडीवर ड्रायव्हरच्या तीन फायली होत्या आणि इतके दिवस मी चुकीची घेत होते, इतकी साधी गोष्ट निघाली. लॅपटॉप हातात धरून मी घरभर नाचत फिरले. कुठेही गेलं तरी दिवा लागलेलाच! आजी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मी लगेच ठाण्याला फोन लावला. तिथे तेव्हा संध्याकाळ होत आली होती. भाची म्हणाली, "आई दोन रात्री तळमळत होती. आत्ता कुठे डोळा लागलाय. उठवू का?"

मी आजींना विचारलं. आमच्याकडे शब्बातच्या मेणबत्त्या लावायला दोन तास उरले होते. त्यानंतर शनिवारी दिवस मावळेपर्यंत आजी विजेच्या कुठल्याच वस्तूला हात लावायच्या नाहीत, आणि तोवर ठाण्यात रात्र होऊन थोरली झोपलेली असणार.

"नको उठवू," त्या म्हणाल्या. "निजू दे तिला. आईतवारी सकालच्याला बघू."

रविवारी सकाळी सहाला फोन वाजला. थोरली पहाटे झोपेतच गेली होती. मी तो निरोप आजींना कोणत्या शब्दांत सांगितला ते आता आठवत नाही. त्यांनी नेसत्या कपड्याची किनार फाडून मागितली, त्यांच्यात तशी रीत आहे, आणि मी ती फाडून दिली एवढं आठवतं.

रात्री मुलगा एलातहून आला. आजींनी सात दिवसांचं सुतक धरलं होतं. त्यात जमिनीवर बसायची रीत असते, पण त्यांना ते जमत नव्हतं, म्हणून खाटेवरची गादी काढायला लावून त्या फळ्यांवर चादर घालून पडल्या होत्या. सोमवारी शेजारपाजारचे येऊन गेल्यावर मुलाचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं. हे काय म्हणून त्याने विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली. त्याने हिब्रूत तीनच शब्द विचारले. "लामा लो केवेल?" केबल का नाही?

"आजीच नको म्हणाल्या," मी म्हटलं.

आजींनी मान वळवली. "मी कधी? केवेलला मी कशाला नको म्हणीन?"

"तुम्हीच म्हणालात ना, ह्या घरात तार नको."

आजी अगदी हळू म्हणाल्या, "तार म्हंजे तार गो. टेलिग्राम. तीन तारा आल्या ह्या घरात. बा गेला तवा, आय गेली तवा आन् भाऊ गेला तवा. तू बोललीस, उद्या तार घेऊन येते, खाटेवर येईल. माझा जीव उडाला. मला वाटलं, ती गेली हाय आन् ही मला आस्ते आस्ते सांगते." मग त्या म्हणाल्या, "केवेल बोलायचं व्हतंस. वायर बोलायचं व्हतंस. वायर काय मला कलत न्हाय?"

पुण्यात जन्मभर मी वायरला वायरच म्हणत आले. ऑफिसात दिवसभर केबल म्हणायचे. आजींशी बोलताना मात्र मी मुद्दाम 'तार' म्हटलं होतं. म्हातारं माणूस आहे, जुना शब्द बरा, असं वाटलं होतं. मुंबईत इतकी वर्षं काढलेल्या बाईला वायर कळणार नाही असं मी गृहीत धरलं, आणि वर त्याला मी आदर समजत होते.

मुलगा आईजवळ बसून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. मला तो एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या एका शब्दावर सगळं ढकलून मोकळं होता येतं. बरीच वर्षं मी हा किस्सा तसाच सांगितला, भाषेची गंमत म्हणून, आणि लोक हळहळायचे. शेजारच्या टेबलावरचा लॅपटॉप मी त्यात कधी सांगितला नाही. तार नको म्हटल्यावर 'का नको' असं एकदा विचारायला काय हरकत होती, हेही सांगितलं नाही. विचारलं असतं तर बिनतारीचा खेळ तिथेच संपला असता, आणि तो मला संपवायचा नव्हता. त्या अकरा संध्याकाळी मला मजा येत होती. हे लिहितानाही लाज वाटते.

सुतकाच्या पाचव्या दिवशी आजी म्हणाल्या, "भाचीला बघायचं हाय. लाव तुझं ते." त्यांना उठून बसता येत नव्हतं, म्हणून मी खाटेशेजारी उभी राहून लॅपटॉप दोन्ही हातांनी त्यांच्या तोंडासमोर धरला. कार्डाने जराही त्रास दिला नाही. मिनिटभरात भाचीचा चेहरा आला. दोघी आधी नुसत्या रडल्या.

मग आजींनी विचारलं, "शेवटाला तिला लई तरास झाला काय?"

"नाही मावशी," भाची म्हणाली. "पण रोज सकाळी मला लवकर उठवायची. वेणी घालून घ्यायची, ठेवणीतलं लुगडं काढायला लावायची. अकरा वाजता कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसायची. तिला बसवत नव्हतं, पण ऐकायची नाही. म्हणायची, ती मला इतक्या वर्षांनी बघणार, अशी पडलेली नको दिसायला."

"रोज?" आजींनी विचारलं.

"रोज. ह्या ताईंची मेल यायची ना, उद्या सकाळी नक्की म्हणून. मी ती पाटीवर लिहून आईला दाखवायचे."

आजींनी हात वर करून पडद्यावरच्या भाचीच्या गालाला बोटं लावली आणि तशीच ठेवली. मला वाटलं, आता त्या माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. लॅपटॉप माझ्या हातात होता, तो खाली ठेवायची सोय नव्हती, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी तो हलू न देता धरून उभी राहिले.