मॅडम घर बघायला आल्या तो दिवस

वाडी सोडली त्या सकाळी टेम्पोत कपाट, शिलाई मशीन आणि तांदळाच्या गोण्या चढल्या. धाकट्या जाऊबाईंनी उंबऱ्यावर माझी ओटी भरली. त्या पावसाळ्यात तिकडे तळीये गावावर दरड आली होती, इकडे आमचा खाली कापडे गावाला उतरणारा रस्ता खचला होता, आणि ह्यांना महाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी. म्हणून महाडला खोली घेतली, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं आणि ते खरंही होतं. पण माझ्यापुरतं आणखी एक कारण होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, आणि वाडीत कुणाच्या बारशाला गेले की बायकांचे आवाज आपोआप खाली यायचे. त्याचा मला कंटाळा आला होता.

टेम्पो सुरू झाला तशा सासूबाई गोठ्याच्या दारातून म्हणाल्या, "शहरात मोठं डागदर हायेत. बगा काय व्हतंय का. नायतर धाकट्याचा तिसरा हायेच, त्याला मांडीवर घ्या."

 कडेवरचा तो तिसरा जाऊबाईंनी या कडेवरून त्या कडेवर घेतला आणि पदर त्याच्याभोवती आवळला. ते मी पाहिलं आणि तिथंच ठरवलं, हा पोरगा मी घेणार नाही. समोरच्या पडवीत तो आपल्या आईला हाक मारणार आणि मी त्याची आई म्हणवून घेणार, हे मला जमणारं नव्हतं.

तुम्ही वाडीतले आणि तुम्ही मुंबई-सुरतेला गेलेले, सगळेच फोन करून विचारता की ताई, हे तुम्ही कसं केलंत, कुणाला भेटलात. म्हणून एकदाच लिहून काढते.

महाडला डॉक्टर झाले, उपास झाले, शेवटी दोघांनी हात टेकले. एका रविवारी चवदार तळ्याच्या कट्ट्यावर बसलो असताना हेच म्हणाले, "दत्तक घेऊया का?" मी इतकी वर्षं जे बोलायला घाबरत होते ते या माणसाने शेंगदाणे सोलता सोलता बोलून टाकलं. मला रडू आलं आणि रागही आला, की हे आधी का नाही बोललात.

पण घ्यायचं कुठून? ह्यांच्या मुंबईच्या मावसभावाने लगेच फोनवर सांगितलं, "एका नर्सिंग होममध्ये अपनी पहचान हाय. डायरेक्ट बच्चा मिळेल, पेपरवर तुमचंच नाव." मी फोन ओढून घेतला आणि त्याला असं काही सुनावलं की तो पुढच्या दिवाळीला आमच्याकडे फिरकला नाही. कुणा आईचं पोर चोरून आणायचं आणि जन्मभर दार वाजलं की दचकायचं, त्यापेक्षा मी बिनमुलाची बरी होते.

वाट दाखवली ती आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताईंनी. त्या माझ्याकडे ब्लाउज शिवायला यायच्या. त्यांनी मला बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात नेलं, तिथून अलिबागच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता मिळाला. तेव्हा तुम्हीही आधी तुमच्या अंगणवाडीत विचारा. आजोळी किंवा काकाकडे वाढणाऱ्या पोरक्या मुलांना सरकारी मदत असते, तिचीही चौकशी तिथूनच होते. अलिबागच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं की नोंदणी ऑनलाइन करायची, एजंट कुणी नसतो, आणि मूल निवडायला आपण काही बाजारात जात नसतो. नोंदणी झाली की दत्तक देणाऱ्या संस्थेच्या मॅडम घरी येतात, घर बघतात, घरच्यांशी बोलतात. त्यांचं मत चांगलं पडलं तरच पुढची वाट.

त्या येणार ठरल्यावर ह्यांनी मोठ्या आनंदाने वाडीवर फोन लावला, "मॅडम घर बघायला येनार हायेत." आता आमच्या वाडीत बघायला येणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुणी रिकाम्या हाताने बघायला येत नाही आणि बघणारे आले की गावकी हजर पाहिजे. मॅडम येणार त्या सकाळी दारात जीप थांबली आणि तिच्यातून सासूबाई, जाऊबाई, गावकीचे कारभारी तात्या आणि निम्मी वाडी उतरली. बरोबर नारळ, कुंची, झबलं, तांदळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं आणि पाय बांधलेला एक कोंबडा. दहा बाय बाराच्या खोलीत मॅडमना टेकायला जागा उरली नाही.

मॅडम रिक्षातून उतरल्या तशा सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांना ओलांडून रिक्षात डोकावल्या.

"पोर कुठं हाय?"

मॅडम गोंधळल्या. मग समजावून म्हणाल्या, "आजी, बाळ असं आणत नाहीत. आज फक्त घर बघायचं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. तात्या मध्येच बोलले, "रक्ताचं आसतं तर बरं झालं आसतं म्हना."  मला वाटलं, आता ही बाई हातातली वही मिटून निघून जाणार. बाहेर कोंबडा ओरडत होता.

मॅडमनी वही खरंच मिटली, पण उठल्या नाहीत. सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "आजी, तुम्ही सांगा. मनात असेल तेच सांगा. तुम्हाला ते परकं वाटलं तर बाळाचे हाल होतील."

सासूबाई झबल्याची घडी मोडत होत्या आणि पुन्हा घालत होत्या.  मग त्या म्हणाल्या, "बाय, आमी शेरडं पाळतो. येकादी शेळी मेली का तिचं करडू आमी दुसरीला लावतो. ती आधी लाथा मारते, जवळ येव देत नाय. आमी धरून ठेवतो. मंग येक दिस तेच करडू दिसलं नाय तर ती रानभर वरडत फिरते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माज्या लाथा मारून झाल्या. तुमी आना."

मी भिंतीकडे तोंड करून रडले. जाऊबाईही रडत होत्या, आणि त्यांच्या रडण्याचं कारण मला ठाऊक होतं. त्यांचा तिसरा आता त्यांच्याच कडेवर राहणार होता. मॅडम भाकरी खाऊन गेल्या. कोंबडा मात्र त्यांनी घेतला नाही, याचं तात्यांना बरेच दिवस वाईट वाटत होतं.

नंतर वाट पाहणं फार लांबलं, ते खोटं सांगणार नाही. मोबाइलवर आमच्या लेकीचा, आरोहीचा, फोटो आला तेव्हा मी कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होते, तो मी उलटा लावला. ती आली तेव्हा चालत होती, पण बोलायची फक्त "नको". भाताला नको, आंघोळीला नको, मला तर अगदीच नको. ह्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरूनच झोपायची. मी धीर धरला. दत्तकाचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हातात पडला तोवर ती माझ्यावर हक्काने ओरडायला लागली होती, आणि माझा जीव भांड्यात पडला.

यंदा शिमग्याला तिला घेऊन वाडीवर गेलो. पालखी आमच्या अंगणात आली, तात्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. घरातल्या एकेकाचं नाव घेत ते आले आणि म्हणाले, "आनि ह्या घरची लेक आरोही, हिला सुकी ठेव." सगळ्या वाडीने "व्हय म्हाराजा" केलं. ज्या बायकांचे आवाज मला बघून खाली जायचे त्यांचे आवाज त्यात सगळ्यात वर होते. मी मान ताठ करून उभी राहिले आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

परत येताना पोलादपूरहून एसटी धरली. शेजारच्या बाईंनी आरोहीला विचारलं, "कुठली गो तू?"

हा प्रश्न मला कुणी केला की माझी त्रेधा उडते. मूळच्या वाडीच्या, पण आता महाडला असतो, पण घर तसं तिकडेच, असं मी घोळत बसते. आरोही कुठे जन्मली ते मलाही ठाऊक नाही. उद्या विचारेल तेव्हा जेवढं माहीत आहे तेवढं सगळं सांगेन.

"वाडीची," ती म्हणाली. "आनि महाडची."

"आगो, मंग घर कुठलं तुजं?"

"दोन हायेत," आरोहीने सांगितलं, आणि एकच घर असलेल्या त्या बाईंकडे तिने जरा कीव आल्यासारखं पाहिलं.