एकाच अक्षरातले दहा कागद

माझ्या सुंदर अक्षरापायी माझ्या भाचीची नोकरी जाणार होती. अक्षर खरोखरच सुंदर आहे, त्यात उगाच विनय कशाला. कोर्टाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि गेली सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज भरून देतो. दाखले, पेन्शन, विजेची जोडणी, काहीही. माणूस टेबलासमोर उभा राहिला की त्याने तोंड उघडायच्या आत माझा हात पेनाकडे जातो. समोरच्याला काय हवंय ते त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं, असा माझा समज होता. थोडा अजूनही आहे.

भाचीला घरात सगळे ‘चौकशी’ म्हणतात. चार वर्षांची असताना तिने डॉक्टरांना विचारलं होतं, “हे इंजेक्शन तुम्ही स्वतः घेऊन बघितलंय का?” तेव्हापासून ते नाव चिकटलं. तिचे वडील लवकर गेले. माझी बहीण दवाखान्यात आया, आणि मी त्यांच्याच घरात राहणारा बिनलग्नाचा मामा.

चौकशीची शाळा संपली, मार्क उत्तम पडले. मी लगेच शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेजचा अर्ज भरून टाकला. जागा मिळाली. कोर्टातल्या वकिलांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना मी ते सांगून आलो. फी ऐकून बहिणीचा चेहरा उतरला होता, पण कर्ज काढू म्हणालो.

चौकशी मात्र वही घेऊन चार कॉलेजांच्या फाटकांवर उभी राहिली. सुटायच्या वेळेला बाहेर पडणाऱ्या पोरांना थांबवून विचारायची, इथे सुरुवात करणाऱ्यांतले किती जण शेवटपर्यंत टिकतात? वर्ग संपल्यावर शिकवणारे भेटतात का? दिवसा काम करून शिकता येतं का? नावाजलेल्या कॉलेजात कुणी धड थांबलंच नाही. चौथं कॉलेज पोस्टाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, संध्याकाळचं. तिथल्या समाजकार्याच्या मॅडम डबा हातात घेऊन अर्धा तास जिन्यातच तिच्याशी बोलल्या. पहिल्या सत्रापासून आठवड्यातले दोन दिवस युवक केंद्रात काम करावं लागेल, जमेल का, असं त्यांनीच तिला उलट विचारलं. आणि फी बहिणीच्या पगारात बसणारी होती.

“मामा, मी पोस्टाच्या वरच्या कॉलेजात नाव घातलं,” तिने जेवताना सांगितलं.

“ते कॉलेज आहे? मला वाटायचं तिथे पार्सलं ठेवतात.”

“आहे. आणि मला तिथेच जायचंय.”

“मग मी एवढा अर्ज भरला तो काय झक मारायला?”

“तू भरलास ना. मला विचारलंस का एकदा तरी?”

बहीण ताटातून मान वर न करता म्हणाली, “दादा, शिकायचं तिला आहे.”

झालं. माझ्या नाकावर टिच्चून पोरगी तिथे गेली. पुढची तीन वर्षं मी तिच्याशी थेट बोललो नाही. काही सांगायचंच असेल तर कपाटाकडे बघून सांगायचो. तिने मनावर घेतलं नाही. सकाळी चपलांच्या दुकानात काउंटरवर, संध्याकाळी वर्गात, आठवड्यातले दोन दिवस युवक केंद्रात. तीन वर्षांनी ती कॉलेजात पहिली आली. तेव्हा मात्र मी कपाट सोडून थेट तिच्याशी बोललो, आणि कोर्टातही सगळ्यांना नव्याने सांगून आलो.

मंडईमागच्या त्या केंद्राने तिला मार्गदर्शक म्हणून एक वर्षासाठी घेतलं. दोन खोल्या, आणि एक टेबल टेनिसचं टेबल, त्याच्या एका पायाखाली वीट. शाळा सुटलेली, कामधंदा नसलेली पोरं तिथे यायची. वर्षाअखेरीस केंद्र चालवणाऱ्या संस्थेची समिती येऊन बघणार होती, मग पद कायम करायचं की केंद्राला टाळं लावायचं ते ठरणार होतं.

तिची कामाची रीत बघून मला घाम फुटायचा. लॉन्ड्रीत इस्त्री करणारी एकोणीस वर्षांची मुलगी होती, आठवीत शाळा सुटलेली. तिला शिवणकामाच्या कोर्सला जायचं होतं. चौकशी तिच्याबरोबर कचेरीत जायची आणि मागच्या बाकावर तोंड मिटून बसायची. खिडकीवरच्या कारकुनाने तीनदा अर्ज परत केला, कधी तारीख चुकली म्हणून, कधी सही. एकदा मीही तिथे होतो. माझे हात शिवशिवायला लागले.

“आण इकडे, दोन मिनिटांचं काम आहे.”

“मामा,” चौकशी हळूच म्हणाली, “हात खिशात.”

चौथ्या खेपेला अर्ज घेतला गेला. असं करत करत वर्षभरात तिच्याकडची दहाच्या दहा पोरं कुठे ना कुठे लागली, कुणी कोर्सला, कुणी कामाला.

मग समितीचं पत्र आलं की प्रत्येक मुलाचं लेखी मत हवं. चौकशीने पोरांना कोरे कागद दिले. पोरं लिहायची, खोडायची, चुरगाळायची. मुदतीला तीन दिवस उरले तरी एकही कागद पुरा नव्हता, आणि माझ्याने ते बघवेना. तिच्या नकळत मी पोरांना दुकानात बोलावलं, ताईची नोकरी जाईल म्हणून घाबरवलं, आणि दहाही मतं स्वतः लिहून त्यांच्या सह्या घेतल्या. ‘आदरणीय ताईंच्या अमूल्य मार्गदर्शनाने माझ्या जीवनात आमूलाग्र परिवर्तन घडले.’ कागद स्वतः पोचते केले आणि त्या रात्री गाढ झोपलो.

समिती आली. मीही जाऊन पोरांच्या मागे बसलो होतो. अध्यक्षीणबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी दहा कागद टेबलावर ओळीने मांडले.

“मुलं दहा, अक्षर एक. आमूलाग्र परिवर्तनसुद्धा एकच. हे कुणी लिहिलं?”

चौकशीने एक कागद उचलला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. माझं अक्षर ती झोपेतही ओळखेल. “माझ्या मुलांनी नाही,” एवढंच ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

“मग वर्षभरात यांना दोन ओळी लिहिण्याइतकंही तयार केलं नाही, असं समजायचं का?”

मी उभा राहिलो. “मी लिहिलंय, बाई. मी हिचा मामा. हिला यातलं काही माहीत नव्हतं. माझी नसती उठाठेव.”

बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. “बसा,” म्हणाल्या. मग पोरांकडे वळल्या. “आता इथेच लिहा. अर्धा तास. आणि ताई, तुम्ही बाहेर थांबा.”

दारातून चौकशी एवढंच म्हणाली, “जे झालं ते लिहा. माझी काळजी करू नका.”

तो अर्धा तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. कागद गोळा झाले. बाई वाचायला लागल्या. एकाने लिहिलं होतं, ताई प्रश्न विचारून डोकं खाते, पण त्यामुळे कळलं की मला गाडी चालवायची नाही, दुरुस्त करायचीय. दुसऱ्याने लिहिलं होतं, मी दोनदा यायचं सोडलं, ताई घरी आली, ओरडली नाही, फक्त उद्या किती वाजता येणार ते विचारलं. शुद्धलेखनाच्या नावाने बोंब होती. पण बाईंचा आवाज हळूहळू मऊ होत गेला. शेवटचा कागद राहिला तेव्हा त्यांनी चौकशीला आत बोलावलं आणि तो तिच्यासमोर वाचला. इस्त्रीवालीचा होता.

‘साहेबांनी माझा अर्ज तीनदा परत केला. मला ताईचा फार राग आला होता. तिला भरता येत होता आणि ती भरत नव्हती. चौथ्यांदा घेतला. मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीच्या शाळेचा अर्ज मी भरला. तो पहिल्याच खेपेला घेतला.’

बाईंनी कागद खाली ठेवला. बाकीच्या दोन सदस्यांशी नजरेनेच काय ते बोलून झालं. “पद आजपासून कायम,” त्या म्हणाल्या. “आणि शहरात आणखी तीन केंद्रं उघडायची आहेत. तिथली माणसं तुम्ही तयार करायची.”

पोरांनी टेबलावर हात आपटून असा काही गलका केला की वीट निसटली आणि टेबल कलंडलं. चौकशी वीट उचलायला वाकली आणि ती हातात घेऊन तशीच उभी राहिली. इस्त्रीवालीने तिला धरून खुर्चीत बसवलं, पाणी आणून दिलं. मी भिंतीला टेकून उघड उघड रडत होतो, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटली नाही.