बिनमोहनाची करंजी

"कष्ट घेतलेत, वैनी. पण आमच्या मंडळींच्या हाताची सर न्हाय."

करंजीचा घास तोंडात असतानाच, बोटांना लागलेलं सारण धोतराला पुसत आमचे शेजारी हे म्हणायचे. एक वेळ दिवाळीचं अभ्यंगस्नान चुकेल, पण हे वाक्य आमच्या चाळीत कुणाच्या घरी चुकलं नाही.

सोलापूरच्या एका कापडगिरणीत ते जॉबर, म्हणजे मुकादम होते. कापडातल्या खोडी काढता काढता जिभेलाही तीच सवय लागली असावी. पहिल्या आंघोळीचे केस सुकायच्या आत ते दारोदार फराळ तपासायला निघत. अनारसा तुपकट, शंकरपाळी फिकी, चिवड्यात मीठ नाही. आणि हे सगळं ताटली रिकामी झाल्यावर सांगायचं.

तुम्ही म्हणाल, मंडळींचा हात खरंच तसा असेल. होता की! पिठात मोहन घालायचं म्हटलं की त्या माउलीच्या जिवावर यायचं. तिची करंजी पाटावर पडली तर पाटाला खोक पडावी. ती खाताना जॉबरांच्या दाढेचा आवाज भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू येई, आणि मागोमाग समाधानाचा हुंकार.

एका श्रावणात ती बाई तापाने गेली. वर्षाच्या आत त्या घरात तळणाची कढई चढणार नव्हती. रिवाजाप्रमाणे शेजारपाजारचा फराळ त्यांच्याकडे गेला. मीही ताट नेलं आणि बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले. जॉबर करंजी खाऊन म्हणाले, "चांगली झालीय."

चिवडाही चांगला. समोरच्यांची शंकरपाळीही चांगली. चाळ हादरली. इतका गोड बोलणारा जॉबर कुणाला हवा होता? घरी येऊन मी रडले.

भाऊबिजेच्या दिवशी मी मोहन न घालता पीठ भिजवलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं शिकवलेलं पाण्यात गेलं म्हणाल्या. चार करंज्या तळून मी शेजारी नेऊन दिल्या.

दाढेचा तो आवाज झाला. जॉबर थांबले, मग कितीतरी वेळ सावकाश चावत राहिले. आधी डोळे पुसले, मग बोटं, धोतरालाच.

"कष्ट घेतलेत, वैनी," ते म्हणाले. "पण आमच्या मंडळींच्या हाताची सर न्हाय."

तेही गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला मी एक करंजी बिनमोहनाची तळते. फराळ संपतो, डबा रिकामा होतो, आणि तळाशी ती एकटी राहते.