हरवलेली मावशी आणि भरत आलेलं खोकं

ती केस आठवली की अजूनही दमायला होतं. डेट्रॉइटजवळच्या एका गावात मी डिटेक्टिव्ह म्हणून रिटायर झाले. पुण्याहून लग्न करून आलेली बाई पोलिसात कशी शिरली, ते राहू दे. मारामाऱ्या, चोऱ्या पुष्कळ पाहिल्या, पण या केसइतकी कशानेच थकले नाही, आणि हिच्यात तर कोणाला ओरखडाही आला नव्हता.

जानेवारीत फिलिपाइन्सहून एका मुलाचा फोन आला. आई बेपत्ता आहे म्हणाला. ही बाई आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची आणि एका फिलिपिनो कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची. सगळे तिला तीता म्हणत, म्हणजे आपल्याकडची मावशी. मीही मावशीच म्हणते. फोन बंद, कामावर गैरहजर, आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी. मिसिंग पर्सनचा रिपोर्ट घेतला.

पाठोपाठ टिप्स सुरू झाल्या. निनावी फोन, स्क्रीनशॉट, सगळं एकाच फेसबुक ग्रुपमधलं. तो ग्रुप मला माहीत होता. कोणाला खोली हवी, कोणाकडे मयत झालं, तिथल्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला जेवण कोण नेणार, हे सगळं त्यावर ठरायचं. इथे आलेल्या माणसांना त्याचा मोठा आधार. मग तिकडच्या निवडणुका आल्या आणि ग्रुपमध्ये दोन तट पडले. फोटोत कोणी कुठल्या पक्षाच्या रंगाचा शर्ट घातलाय हे लोक झूम करून बघायला लागले. मला हसू आलं असतं, पण आमच्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप मी त्याच सुमारास सोडला होता, तेव्हा कोणत्या तोंडाने हसणार?

मावशींनी एका व्हिडिओखाली तिकडच्या आधीच्या सरकारचं कौतुक केलं होतं. त्याखाली एका नर्सने लिहिलं, "हिला बर्फात उभं करा, मग कळेल." त्या सरकारच्या काळात या नर्सच्या भावाला पोलीस घरातून घेऊन गेले होते, आणि तो परत आला नव्हता. म्हणजे धमकी लेखी, कारणही समोर. मावशींच्या मुलाने तर नर्सचा फोटो टाकून "हीच ती" असं लिहूनही टाकलं.

नर्सला स्टेशनवर बोलावलं. ड्युटी संपवून हॉस्पिटलच्या कपड्यांतच आली, हातात शेवयांचा मोठा ट्रे. "मॅडम, थंड होईल, आधी खा," म्हणाली. आता जेवण आणणारा माणूस निर्दोषच असतो असं काही नाही. मी पोस्ट पुढे ठेवली. तूच लिहिलंस का, विचारलं. हो म्हणाली. मावशी कुठे आहेत?

"मला वकील नको मॅडम, झोप हवी."

यापलीकडे शब्द काढेना. पण एक गोष्ट मला खटकली. ज्याला खरंच माहीत नसतं तो आपल्यालाच विचारतो, काही कळलं का? हिने एकदाही विचारलं नाही. अडकवून ठेवण्याइतकं हातात काही नव्हतं, जाऊ दिलं.

मग मी आणि माझा पार्टनर मावशींची खोली बघायला गेलो. कपडे जागच्या जागी, पर्स मात्र नाही. पार्टनरचा चेहरा उतरला. मला गालिच्यावर एक चौकोनी दाबलेला ठसा दिसला. इथे काय होतं, असं मी घरमालकिणीला विचारलं. खोकं, ती म्हणाली. फिलिपिनो लोक घरी पाठवायला एक मोठं खोकं महिनोन्महिने भरत असतात. साबण, डब्यातलं मांस, नातवंडांचे बूट. आपण भारतात जाताना बॅगा भरतो, तसंच. मावशींचं भरत आलं होतं.

पार्टनर म्हणाला, पळवणाऱ्याने नेलं असेल.

"साबण कशाला नेईल?" मी म्हटलं. "आणि जीव द्यायला निघालेली बाई खोकं घेऊन जाते का?"

ते एकटीला उचलवणारही नव्हतं. मावशींना गाडी येत नव्हती. तेव्हा गाडी घेऊन आलेलं जे कोणी होतं, त्याला त्या खोक्याची किंमत माहीत होती. घरमालकिणीला विचारलं, तर पार्किंगमध्ये एक निळी व्हॅन पाहिल्याचं तिला आठवलं. नर्स स्टेशनवर निळ्या व्हॅननेच आली होती.

तिच्या घरी गेलो. तिने दार उघडलं, आणि हॉलमध्येच खोकं, वर लहान मुलाचे बूट. मी काही विचारायच्या आत तिने स्वयंपाकघराकडे हाक मारली. मावशी हात पुसत बाहेर आल्या. आत मासे तळत होते.

मी तिथेच खुर्चीत बसले.

नर्सने सांगितलं, मावशी तिच्या मुलीची गॉडमदर, म्हणजे चर्चमध्ये मानलेली दुसरी आई. पोस्ट टाकल्यावर हिला झोप येईना. बर्फाचं आपणच लिहिलं आणि बाहेर खरंच तसली थंडी. फोन केला तर मावशी नुसत्या रडत होत्या, संध्याकाळी ही जाऊन त्यांना घेऊन आली. फोन मावशींनी स्वतःच बंद केला, तो वाजला की त्या दचकायच्या.

"रोज भांडते माझ्याशी," मावशी म्हणाल्या. "वाढते आणि भांडते."

"खातेस ना पण?" नर्स म्हणाली.

मग पोस्ट का काढली नाहीस, मी विचारलं.

"काढली तर माझी माणसं विचारतील, भावाला विसरलीस का?" ती म्हणाली. "आणि मी विसरले नाहीये, मॅडम."

मावशींना आपण कुठे आहोत हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं, मुलाला तर नाहीच. सज्ञान माणूस नको म्हणाला तर पत्ता द्यायचा नाही, सुखरूप आहे एवढंच कळवायचं, हा नियम. रिपोर्ट बंद केला आणि मुलाला फोन लावला. तो रडला. देवाचे आभार मानले. मग आवाज सावरून त्याने विचारलं, "ती त्या लोकांकडे तर नाही ना?"

ते सांगता येणार नाही, मी म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं.

जन्मभर मी लेखी पुराव्यावर विश्वास ठेवला. या केसमध्ये लेखी सगळं खरं होतं, नावांनिशी, फोटोंनिशी, आणि त्यावरून त्या दोन बायकांबद्दल काहीच कळत नव्हतं. ते कळलं त्या घरात बसल्यावर. मुलाला मात्र तिकडे तेवढं लेखीच दिसत होतं, आणि त्याला दुसरं काही दाखवायची मला परवानगी नव्हती. फोन ठेवण्याआधी मी एवढंच म्हटलं, की आई जेवतेय, चांगली जेवतेय. तो "बरं" म्हणाला, आणि मग तिसऱ्यांदा विचारलं, कोणाकडे?